बंदरात अडणारा माल आणि कामगाराचा हक्क

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा आणि 'गॅट' या नावाने ओळखला जाणारा, आयात शुल्क व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार, हे दोन्ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एकाच काळातले आहेत. गॅट १ जानेवारी १९४८ पासून लागू झाला, तर जाहीरनाम्याला त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांची मंजुरी मिळाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत मात्र या दोघांच्या वाट्याला आलेले सामर्थ्य कमालीचे विषम ठरले. व्यापाराच्या नियमांना लवाद मिळाले, निकाल मिळाले आणि निकाल न पाळणाऱ्या देशाच्या मालावर जादा शुल्क बसवण्याचा अधिकारही मिळाला. हक्कांच्या नियमांना, निदान कंपन्यांच्या वर्तनापुरते बोलायचे तर, आवाहने आणि स्वेच्छेने पाळायच्या आचारसंहिता मिळाल्या. ज्या नियमांना धार आहे त्या व्यापाराच्या नियमांनाच हक्कांच्या रक्षणासाठी जुंपता येईल का, हा प्रश्न या विषमतेतून उभा राहिला असून गेल्या दहा-बारा वर्षांत त्याची काही ठोस, तपासून पाहता येतील अशी उत्तरे मिळू लागली आहेत.

विषमता किती खोल आहे हे भारतीय वाचकाला दोन घटना शेजारी ठेवल्या की उमगते. केर्न एनर्जी या ब्रिटिश कंपनीवर भारताने पूर्वलक्षी प्रभावाने कर आकारला, तेव्हा कंपनीने भारत-ब्रिटन गुंतवणूक कराराचा आधार घेऊन थेट भारत सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवाद मागितला. डिसेंबर २०२० मध्ये लवादाने सुमारे १२० कोटी डॉलर कंपनीला देण्याचा निकाल दिला, जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आल्याचे जाहीर झाले आणि ऑगस्टमध्ये संसदेने तो पूर्वलक्षी कर रद्दही केला. गुंतवणूकदाराला असे संरक्षण असू नये असे येथे म्हणायचे नाही. पण १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटून हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा पीडितांना कंपनीच्या मायदेशातील न्यायालयाने १९८६ मध्ये भारतात जाण्यास सांगितले, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष भारतीय न्यायालयापुढे खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कंपनीला राज्यसंस्थेविरुद्ध सीमेपलीकडे दाद मागता येते आणि निकालाची वसुलीही करता येते. माणसाला कंपनीविरुद्ध सीमेपलीकडे दाद मागताना मात्र दारे एकामागून एक बंद होत जातात.

ही फारकत अटळ होती असे नाही. १९४८ च्या हवाना सनदेत, म्हणजे प्रस्तावित आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेच्या घटनेत, कामगारांच्या न्याय्य दर्जावर एक स्वतंत्र कलम होते आणि निर्यातीसाठीच्या उत्पादनात कामगारांची अन्याय्य स्थिती ठेवल्यास व्यापारातच अडचणी निर्माण होतात, हे त्यात मान्य केलेले होते. अमेरिकी काँग्रेसची संमती न मिळाल्याने ती सनद बारगळली आणि मागे उरला तो एकटा गॅट. त्याच्या विसाव्या कलमात तुरुंगातील श्रमातून तयार झालेल्या वस्तूंवर निर्बंध घालण्याची मुभा तेवढी राहिली. पुढे जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यावर १९९६ च्या सिंगापूर परिषदेत कामगार हक्कांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवण्यात आला. या संघटनेकडे संकेत आणि तज्ज्ञता विपुल असली, तरी माल अडवण्याची सत्ता तिच्याकडे नाही. हा विषय व्यापार संघटनेबाहेर ठेवण्यासाठी आग्रह धरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता. त्यामागची कारणे पोकळ नव्हती आणि त्यांचा विचार पुढे करावाच लागेल.

मधली पोकळी भरून काढली ती स्वेच्छेच्या व्यवस्थेने. मोठ्या ब्रँडनी पुरवठादारांसाठी आचारसंहिता लिहिल्या, त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी खासगी तपासनीस नेमले, आणि 'सामाजिक लेखापरीक्षण' नावाचा एक व्यवसायच उभा राहिला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. राज्याने संरक्षण करावे, कंपनीने हक्कांचा आदर राखावा आणि पीडिताला दाद मिळावी, या त्रिसूत्रीवर ती आधारलेली आहेत आणि वैचारिक पाया म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. तरीही ती न पाळणाऱ्या कंपनीला त्यांच्यामुळे काहीही भोगावे लागत नाही. या व्यवस्थेचे अपयश कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार होरपळून आणि गुदमरून मेले, कारण बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. आणि त्याच कारखान्याला आगीच्या काही आठवडेच आधी सामाजिक दर्जाचे एक नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते. बहुतांश माल उचलणाऱ्या जर्मन कंपनीविरुद्ध पीडितांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला, पण पाकिस्तानी कायद्यानुसार मुदत संपल्याच्या कारणावरून तो २०१९ मध्ये फेटाळला गेला.

कराचीनंतर सात महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार दगावले. त्यानंतर बांगलादेशात जो 'अ‍ॅकॉर्ड' झाला, त्याने एक नवी वाट दाखवली. ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ यांच्यातला हा करार होता आणि त्यातली जबाबदारी कायद्याने बंधनकारक होती. मतभेद झाल्यास लवादाकडे जाण्याची तरतूद त्यात होती. कामगार महासंघांनी २०१६ मध्ये दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयामार्फत दावे दाखल केले आणि त्यांपैकी एका ब्रँडने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांतला मोठा भाग पुरवठादार कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता. राणा प्लाझानंतर लगेचच अमेरिकी सरकारने मात्र आपल्या परीने केलेली शिक्षा नेमकी चुकीच्या जागी बसली: विकसनशील देशांना मिळणाऱ्या शुल्क सवलतींची योजना बांगलादेशासाठी जून २०१३ मध्ये स्थगित झाली खरी, पण तयार कपडे त्या योजनेत मुळातच समाविष्ट नव्हते. परिणामी ज्या उद्योगात माणसे मेली त्याला झळ लागली नाही आणि चिनी मातीची भांडी किंवा तत्सम वस्तू बनवणारे, ज्यांचा या दुर्घटनेशी संबंधही नव्हता, ते भरडले गेले.

व्यापाराचे हत्यार देशावर उगारले की ते बोथट ठरते, हा धडा इतरत्रही मिळालेला आहे. ग्वाटेमालातील कामगार संघटना आणि अमेरिकी कामगार महासंघ यांनी २००८ मध्ये मध्य अमेरिकी व्यापार करारान्वये तक्रार केली. संघटना बांधणाऱ्या कामगारांना काढून टाकले जाते आणि त्यांना परत घेण्याचे न्यायालयीन आदेश सरकार अमलात आणत नाही, असे तिचे स्वरूप होते. लवादाचा अंतिम निकाल आला २०१७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. काही ठिकाणी आदेशांची अंमलबजावणी झाली नाही हे लवादाने मान्य केले. परंतु करारातील शब्दयोजनेनुसार हे उल्लंघन सातत्याने आणि 'व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने' झाले हे सिद्ध व्हायला हवे होते, आणि ते सिद्ध झाले नाही, असे म्हणून त्याने निकाल ग्वाटेमालाच्या बाजूने दिला. कामावरून काढलेल्या माणसाचे दुःख व्यापाराच्या आकडेवारीत उमटले पाहिजे अशी ही अट होती, आणि तिच्यामुळे करारातील कामगारविषयक प्रकरण जवळजवळ निरुपयोगी झाले.

या अपयशाचा अभ्यास करूनच पुढची तरतूद लिहिली गेली. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या व्यापार करारात 'शीघ्र प्रतिसाद कामगार यंत्रणा' नावाची व्यवस्था आहे. तिचे वेगळेपण असे की, तक्रार देशाविरुद्ध नव्हे तर एका विशिष्ट कारखान्याविरुद्ध होते. कामगार किंवा त्यांची संघटना ती दाखल करू शकते. मुदती वर्षांच्या नव्हे तर दिवसांच्या हिशेबात आखलेल्या आहेत. आणि संघटना बांधण्याचा व सामूहिक करार करण्याचा हक्क नाकारला गेल्याचे ठरले, तर त्याच कारखान्याच्या मालाची शुल्क सवलत काढून घेता येते, वारंवार घडल्यास माल सीमेवरच रोखता येतो. व्यापारावर परिणाम झाल्याचे सिद्ध करण्याचे ओझे नव्या करारात तक्रारदारावर राहिलेले नाही. उलट पुरावा येईपर्यंत तसा परिणाम होतो असेच धरून चालले जाते.

ही यंत्रणा प्रथम कसाला लागली ती मेक्सिकोतील ग्वानाह्वातो प्रांतातल्या सिलाओ गावी, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. येथे सहा हजारांहून अधिक कामगार अमेरिकी बाजारासाठी मोठ्या पिकअप गाड्या बनवतात. मेक्सिकोत कित्येक दशके 'संरक्षण करार' नावाची रीत रुळलेली होती. तिच्यात मालक आपल्या मर्जीतल्या संघटनेशी परस्पर सामूहिक करार करून टाकतो, आणि कामगाराला तो करार पाहायलाही मिळत नाही, मग त्यावर मत देणे दूरच. मेक्सिकोने २०१९ मध्ये कामगार कायद्यात केलेल्या सुधारणेनुसार असे जुने करार कामगारांच्या गुप्त मतदानाला टाकणे सक्तीचे झाले. सिलाओत हे मतदान एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाले, पण मतदान घेण्याची जबाबदारी होती ती त्याच जुन्या संघटनेकडे. मधल्या काळात मतपत्रिका नष्ट केल्याचे सरकारी निरीक्षकांना आढळले आणि मेक्सिकोच्या श्रम मंत्रालयाला मतदान थांबवावे लागले. मे महिन्यात अमेरिकेने शीघ्र प्रतिसाद यंत्रणेखाली चौकशीची मागणी केली. जुलैत दोन्ही सरकारांनी मिळून उपाययोजना ठरवली: नवे मतदान ऑगस्टमध्ये घ्यायचे, कारखान्यात सरकारी निरीक्षक ठेवायचे, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निरीक्षकांना प्रवेश द्यायचा आणि कामगारांना त्यांच्या हक्कांची माहिती द्यायची. ऑगस्टमध्ये कामगारांनी जुना करार ३,२१४ विरुद्ध २,६२३ मतांनी नाकारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सिंतिया' या नव्या, स्वतंत्र संघटनेने चार हजारांहून अधिक मते मिळवून निवडणूक जिंकली आणि मे महिन्यात साडेआठ टक्क्यांची पगारवाढ पदरात पाडून घेतली.

एकाही गाडीवर जादा शुल्क न लागता हे घडले, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेत हलक्या मालवाहू गाड्यांवर सर्वसाधारण आयात शुल्क २५ टक्के आहे. करारातील सवलत गेली असती तर त्या कारखान्याचा सगळा हिशेब कोलमडला असता, आणि ही शक्यता डोळ्यांपुढे असणे पुरेसे ठरले. तेव्हापासून मेक्सिकोतल्या तीसहून अधिक कारखान्यांविरुद्ध ही यंत्रणा वापरली गेली आहे. काढलेल्या कामगारांना मागील पगारासह परत घेणे, मालकधार्जिण्या संघटनांची हकालपट्टी, असे निकाल त्यातून निघाले. तिच्या उणिवाही आहेत. सान मार्तीन खाणीतील संप २००७ पासूनचा, आणि त्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये लवादाने हे आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे सांगितले. शिवाय मेक्सिकोतील कारखान्याविरुद्ध ती जितक्या सहज वापरता येते तितक्या सहज अमेरिकेतील कारखान्याविरुद्ध वापरता येत नाही. त्यासाठी तेथील श्रम मंडळाचा आदेश आधीच असावा लागतो. बलाढ्य देशाने स्वतःसाठी ठेवलेली ही पळवाट या यंत्रणेच्या नैतिक अधिकाराला बाधा आणते.

दुसरे हत्यार आहे आयातबंदीचे. अमेरिकेच्या १९३० च्या शुल्क कायद्यातील कलम ३०७ नुसार वेठबिगारीतून, म्हणजे शिक्षेच्या भीतीने आणि स्वेच्छेविना करून घेतलेल्या श्रमातून, तयार झालेला माल देशात आणण्यास मनाई आहे. देशांतर्गत उत्पादन मागणीला पुरत नसेल तर बंदी लागू होणार नाही, अशा अपवादामुळे हे कलम आठ दशके जवळजवळ निद्रिस्त राहिले; तो अपवाद फेब्रुवारी २०१६ मध्ये काढून टाकल्यावर ते जागे झाले. वाजवी संशय असल्यास सीमाशुल्क विभाग संबंधित कारखान्याचा माल बंदरातच रोखण्याचा आदेश काढतो, आणि आपला माल स्वच्छ आहे हे पटवण्याची जबाबदारी आयातदारावर पडते. चीनच्या शिनजियांग प्रांतासाठी डिसेंबर २०२१ मध्ये झालेला स्वतंत्र कायदा याही पुढे गेला: तेथे तयार झालेली कोणतीही वस्तू वेठबिगारीचीच आहे असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करणे व्यापाऱ्याला भाग पडते. जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा या प्रांतातून येत असल्यामुळे धाग्याचा उगम कुठला, या प्रश्नाला कापड व्यापारात पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले.

कलम ३०७ चा भारतातील परिणाम तमिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात दिसला. तेथील नाच्ची अ‍ॅपरेल या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण दलित कामगार स्त्रीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला आणि त्याचा आरोप तिच्याच पर्यवेक्षकावर आला. त्यानंतर इतर स्त्रिया बोलू लागल्या: उत्पादनाचा कोटा पुरा झाला नाही की शिवीगाळ, शौचालयाला जाण्यावर बंधने, लैंगिक छळ, आणि तक्रार करण्यासारखे एकही विश्वासाचे ठिकाण नसणे. स्त्रियांच्या नेतृत्वाखालील, दलित कामगारांचे बहुमत असलेल्या तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने वर्षभर लढा दिला. या युनियनला एशिया फ्लोअर वेज अलायन्ससारख्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांची साथ होती. एप्रिल २०२२ मध्ये उत्पादक ईस्टमन एक्स्पोर्ट्सशी करार झाला, त्याला जोडून एच अँड एम या ब्रँडने आणि पाठोपाठ गॅप व पीव्हीएच यांनीही बंधनकारक करार केले.

'दिंडीगुल करार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेचे बारकावे पाहण्यासारखे आहेत, कारण बंधन म्हणजे काय हे त्यांतूनच कळते. शिलाईच्या ओळींवर काम करणाऱ्या स्त्रियांमधूनच निरीक्षक निवडल्या जातात आणि युनियन त्यांना प्रशिक्षण देते. छळाचा प्रकार दिसला की मांडायचा कसा, पाठपुरावा कसा करायचा, हे त्या शिकतात. तक्रारकर्तीवर सूड उगवण्यास मनाई आहे. स्वतंत्र तपासनीस तक्रार पाहतात आणि उपाय ठरवतात. उत्पादकाने तो केला नाही तर ब्रँडला ऑर्डर कमी करावी लागते. लिंगाधारित हिंसेबरोबर जातीवरून होणारा भेदभावही करारात स्पष्टपणे येतो, जो युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या आचारसंहितांना सहसा दिसतच नाही. करारावर सह्या झाल्यानंतर, २९ जुलै २०२२ रोजी, अमेरिकी सीमाशुल्क विभागाने नाच्चीचा माल रोखण्याचा आदेश काढला. पण सुधारणा सुरू असल्याचे पुरावे युनियन आणि उत्पादक दोघांनीही दिल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत, तो आदेश बदलून माल सोडण्यात आला. एरवी असे आदेश वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि कारखाना बंद पडून कामगारच उघड्यावर येतात. येथे सुटकेचा मार्ग कामगारांनी स्वतः घडवलेल्या करारातून गेला. आयातबंदीने दबाव येतो, पण त्या दबावाचे सुधारणेत रूपांतर करण्यासाठी कारखान्याच्या आत संघटित कामगार लागतात, हे दिंडीगुलने सिद्ध केले.

युरोपने तिसरी वाट धरली, ती कंपनी कायद्याची. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये 'दक्षता कर्तव्याचा' कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या उपकंपन्या आणि पुरवठादार यांच्याकडे हक्कांना कोठे धोका आहे हे शोधावे, तो टाळण्याची योजना प्रसिद्ध करावी आणि अमलात आणावी, असे त्यात बंधन आहे. जर्मनीचा असाच कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने जुलै २०२४ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी एक निर्देश जारी केला, शिवाय वेठबिगारीच्या मालावर बाजारबंदी घालणारे विनियम मंजूर केले, ज्यांची अंमलबजावणी डिसेंबर २०२७ पासून होणार आहे. मात्र निर्देशावरची शाई वाळते न वाळते तोच उद्योगांच्या दबावाखाली त्याची काटछाट सुरू झाली. मुळात एक हजार कर्मचाऱ्यांपुढच्या कंपन्यांना लागू होणारी मर्यादा डिसेंबर २०२५ च्या तडजोडीत पाच हजारांवर नेण्यात आली, अंमलबजावणी २०२९ पर्यंत लांबवण्यात आली आणि पीडिताला भरपाई मागण्यासाठीची संघभर समान तरतूद वगळण्यात आली. दक्षतेचे अहवाल उरले आणि दाद मागण्याचा हक्क गेला, तर हा कायदाही जुन्या आचारसंहितांच्याच रांगेत जाऊन बसेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

आता भारताच्या आक्षेपाकडे वळले पाहिजे. स्वस्त श्रम हाच गरीब देशाचा व्यापारातला मुख्य आधार असतो. श्रीमंत देश हक्कांची भाषा बोलून तो आधार काढून घेतात आणि आपले उद्योग वाचवतात, म्हणजे हा छुपा संरक्षणवाद होय, असे भारताने १९९० च्या दशकापासून सातत्याने मांडले. या युक्तिवादात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या दहा मूलभूत संकेतांपैकी अमेरिकेने दोनच मान्य केलेले आहेत आणि वेठबिगारीविरुद्धचा १९३० चा संकेत त्या दोहोंत नाही. ज्या ब्रँडना दक्षता दाखवायला सांगितले जाते, तेच दर हंगामाला भाव पाडून आणि मुदती घटवून पुरवठादाराला कोंडीत पकडतात. दिंडीगुलमधल्या त्या कोट्याचा उगम शेवटी न्यूयॉर्क किंवा स्टॉकहोममधल्या खरेदी विभागात असतो. भाव न वाढवता फक्त तपासण्या वाढवणारा कायदा अन्यायाचा खर्च खाली ढकलतो.

तरीही या आक्षेपाचा निष्कर्ष कामगाराच्या हक्काला करारातून बाहेर ठेवणे हा असू शकत नाही, कारण त्या नकाराची किंमत मोजणारी माणसे दिल्लीतल्या वाटाघाटींच्या टेबलावर बसलेली नसतात. महाराष्ट्रातील ऊसतोडीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दर हंगामात लाखो माणसे तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी 'कोयता' म्हणून एकच एकक धरली जाते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते, एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड कापला जातो, आणि कारखान्याला विचारले तर उत्तर येते की ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची आहेत. पाळीत किंवा दुखण्यात काम बुडू नये म्हणून गर्भाशयच काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. राज्य शासनाने नेमलेल्या समितीला २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हीच साखर पुढे बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांच्या बाटल्यांत जाते, हे आंतरराष्ट्रीय वृत्तपत्रांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. वेठबिगारी निर्मूलनाचा भारताचा स्वतःचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे, ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही आहे. पण मुकादमाच्या आडोशाला उभ्या असलेल्या कारखान्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडच्या खरेदीदारापर्यंत पोचणारी जबाबदारी या कायद्यांत कुठेच नाही. व्यापाराचा कायदा नेमकी तीच कडी जोडू शकतो: साखर विकत घेणाऱ्याने तोडणाऱ्याच्या उचलीचा, दवाखान्याचा, दंडाचा हिशेब द्यायचा आणि त्याला परवडेल असा दरही मोजायचा.

भारताने यासाठी दुसऱ्याचे नियम जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. वाटाघाटीत मागण्यासारखे पुष्कळ आहे: यंत्रणा दोन्ही बाजूंना सारखीच लागू व्हावी, तक्रार देशावर नसून नेमक्या कारखान्यावर आणि त्याच्या खरेदीदारावर असावी, ती करण्याचा हक्क कामगार संघटनेला असावा, आणि माल अडवण्याआधी सुधारणेची मुदत व तिच्या खर्चात ब्रँडचा वाटा असावा. कंपन्यांच्या जबाबदारीविषयी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार व्हावा, हा इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिका यांचा प्रस्ताव जून २०१४ मध्ये मानवी हक्क परिषदेत मताला आला, तेव्हा अमेरिका व युरोपीय देशांनी विरोधात आणि भारताने बाजूने मत दिले होते. तो करार अजून मसुद्याच्याच अवस्थेत आहे.

व्यापार करारांत मात्र त्या मताची खूण दिसत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात कामगार हक्क व पर्यावरण यांवर प्रकरण आहे, पण करारातील वाद सोडवण्याची यंत्रणा त्या प्रकरणाला लागू होत नाही. त्यामुळे शुल्काच्या सवलतीवरून मतभेद झाला तर लवाद बसेल. कामगाराच्या हक्कावरून झाला, तर दोन्ही सरकारे चर्चा करतील.